तीन शिक्क्यांचा कागद

ओनाम्बुला, ४ मार्च

सेल्मा,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून कागद घेतला. सहा वर्षांनी लिहितेय, तेव्हा आधी रीतीचं विचारून घेते. झोप लागली का? घरची सगळी उठली का? इथे आम्ही उठलोय. आईचे गुडघे धरलेत. एका डोळ्याने तिला दिसत नाही आणि दुसऱ्याने नको तेवढं दिसतं. झालं विचारून.

आता कामाचं. तुमच्या मोहिमेचा लिफाफा सोमवारी आला. जाड कागद, रंगीत पत्रक, आणि खाली सही: सेल्मा शिकोंगो, उत्तर विभाग समन्वयक. दुसऱ्या कुणाची सही असती तर पत्रक चुलीत गेलं असतं. तुझी पाहून दोनदा वाचलं, आणि दुसऱ्यांदा जास्त खटकलं.

म्हणे फिनलंडात लोकांकडून तीनशे सायकली जमवणार, कंटेनर भरून वॉल्विस बेच्या बंदरात उतरवणार, आणि तिथून इकडे पाठवणार. घरोघर फिरून आजाऱ्यांची सेवा करणाऱ्या आमच्या बायांना त्या फुकट मिळणार. फक्त त्याआधी आम्ही तीन सायकल-दुकानांनी एका कागदावर लिहून द्यायचं की मागच्या खेपेच्या सायकली उत्तम होत्या, मोहीम विश्वासाची आहे. खाली तीन शिक्के. तो कागद दाखवून तिकडे सायकली मागायच्या. एप्रिलअखेर शिक्के नाही पोचले, तर कंटेनर दुसऱ्या भागाला.

बैल दारात यायच्या आधी त्याच्या नांगरटीचं कौतुक लिहून द्या, असं झालं हे. आणि ते लिहून मागणारी तू!

तीन दुकानं म्हणजे माझं, ओशिकुयूच्या ताते एइनोचं, आणि डांबरी रस्त्यावरच्या मेमे न्दिलिमेकेचं. तू गेलीस तेव्हा तिच्या दुकानाचा नुसता पाया घातला होता. आता ती आम्हा दोघांपेक्षा जास्त पंक्चरं काढते आणि दहापट जास्त बोलते. पुढच्या आठवड्यात आम्ही तिघं बसणार आहोत. त्याआधी मला उत्तरं हवीत.

टायर किती रुंद? इथल्या वाळूत बारीक टायर रुतून बसतो, हे तुला सांगायला नको. लहान मुलांच्या सायकली किती? मागे पेडल मारलं की थांबणाऱ्या किती, आणि वायरीच्या ब्रेकच्या किती? निवड कोण करतं? सायकली येण्याआधी शाबासकी कशाला हवी? शाईने लिहून पाठव, छापून नको.

त्या बायांच्या म्होरकीला, मेमे राउहाला, कुणीतरी आधीच सांगून ठेवलंय. ती आणि तिच्या तीस बाया रोज समोरून जाताना आपल्या जुन्या कंटेनरातल्या दुकानाच्या दाराकडे बघतात. सकाळी महांगू बाजरीची पेज डोक्यावर घेऊन राउहा चौदा किलोमीटर चालते, पलीकडच्या वस्तीवर दोन म्हातारे अंथरुणाला खिळलेत म्हणून. तिला मी काय सांगू ते तू सांग.

तू का गेलीस ते आपल्या दोघींना ठाऊक आहे. ते उगाळायला नको.

आउने


ओनाम्बुला, १९ मार्च

सेल्मा,

उत्तर नाही आलं. हरकत नाही, उत्तर आम्हीच शोधून काढलं.

काल माझ्या दुकानात तिघं बसलो. न्दिलिमेकेने ओशिकुंडूचा, बाजरीच्या आंबिलीचा, घडा आणला होता, पण तो आंबवायची तिची घाई नडली. एइनोने एक घोट घेऊन घडा सन्मानाने बाजूला सारला.

सुरुवातीला तेच दोघं तुझ्या बाजूचे. न्दिलिमेके म्हणाली, "धर्माची गाय आणि दात का नाय, असं चाललंय तुमचं. येऊ देत की सायकली! निम्म्या मोडक्या निघाल्या तरी निम्म्या चालतील. शिक्का मारायला काय जातं?"

मी म्हटलं, "जातं. शिक्का दुकानाचा असतो. सायकल मोडली की बाई फिनलंडला नाही जात, तुझ्या दारात येते."

"तुला ना, चर्चची घंटा वाजली तरी वाटतं कुणीतरी फसवतंय."

 एइनोने पत्रक चष्म्याजवळ धरलं होतं. त्यात मागच्या खेपेचे फोटो आहेत, अकरा बाया, अकरा सायकली, प्रत्येक बाई दात दाखवतेय. पत्रक त्याने दिव्याकडे नेलं, परत आणलं, मग माझ्या मांडीवर ठेवलं.

"ह्या कॅरियरचा जोड बघ," तो म्हणाला.

मागचं कॅरियर इमारतीच्या सळईचं होतं. तशी कॅरियरं या भागात तो एकटा बनवतो. डाव्या बाजूचा जोड जरा खाली ओघळलेला.

"त्या दिवशी वीज मध्येच गेली होती. माझ्या हातचा वाकडा जोड मला कळणार नाही का? आता दुसरा फोटो बघ. तिसरा बघ." अकराही फोटोंत तोच ओघळलेला जोड. "सायकल एकच आहे, मेमे. बाया तेवढ्या बदलल्यात."

न्दिलिमेकेने दोन्ही हात डोक्यावर नेले. "अरे देवा! म्हणजे एक सायकल दिली आणि अकरा दाखवल्या? चोर मेले!"

मग जे व्हायचं ते झालं. मघाशी शिक्का काढायला निघालेली न्दिलिमेके आता तुमची मोहीम बुडवायला निघाली. ती प्रांताच्या कचेरीत जायचं म्हणते, रेडिओवर सांगायचं म्हणते. एइनो म्हणाला, "समन्वयक बाई शिकोंगो आहे. तुझी सेल्माच का?" मी सांगितलं, हो, माझी बहीणच. तो म्हणाला, "वाईट झालं."

खरंच वाईट झालं. बाबांचं नाव लावतेस तू, सेल्मा. कुठल्या लोकांत जाऊन बसलीस? त्यांनी तुला फसवलं म्हणावं, तर तू सायकलींतली जाणकार. तू त्यांना फसवलंस म्हणावं, तर माझी जीभ उचलत नाही. फोटो कुणी काढले, कसे काढले, ह्यात आता खोल जायचं मला कारण नाही. ते पत्रक मागे घ्या आणि दुसऱ्या प्रांताला जा. इथे शिक्का मिळणार नाही.

मला राग आलाय असं समज. 

आउने


ओनाम्बुला, ९ एप्रिल

सेल्मा,

तुझं उत्तर मिळालं. छापील, डाव्या कोपऱ्यात मोहिमेची खूण, वर "आदरणीय महोदया". माझ्या एकाही प्रश्नाचं उत्तर नाही. एकच ओळ: "सदर छायाचित्रे आपल्याच दुकानाकडून प्राप्त झाली होती. मूळ पत्राची प्रत सोबत जोडली आहे."

प्रत पाहिली. माझंच अक्षर. "प्रिय ताते ओन्नी, आपल्या सर्व सायकली उत्तम चालत आहेत. फोटो पाठवते. देव आपलं भलं करो." खाली माझा शिक्का, थोडा तिरका.

चोराच्या मनात चांदणं. एइनोने पहिल्या फोटोवर बोट ठेवलं तेव्हाच मला सगळं आठवलं होतं. तरी मी मान हलवली, "हो का, एकच का," म्हटलं, आणि घरी येऊन तुला ते पत्र लिहिलं. माझं पाप तुझ्या गळ्यात घालताना मी बाबांचं नावही वापरलं. त्याची मला फार लाज वाटतेय.

तुला सगळं माहीत आहे. पण मी ते एकदाही तोंडाने बोललेली नाही, म्हणून आज लिहिते.

कंटेनर आला तेव्हा तू आणि मी टाळं तोडलं. आत दोनशेच्या वर लहान मुलांच्या सायकली. शर्यतीच्या साठ, बोटाएवढ्या बारीक टायरच्या. बाकीच्यांतल्या कित्येकींचे गिअर गंजलेले, आणि त्यांचा सुटा भाग राजधानीत विंडहूकलाही मिळत नाही. बायांना द्यायच्या लायकीच्या चौदा निघाल्या, त्याही आता झिजून गेल्यात. त्यातली दुरुस्तीशिवाय लगेच चालणारी एकच होती, निळी, मागे पेडल मारलं की थांबणारी. तिलाच एइनोकडून कॅरियर करून घेतलं होतं.

आणि चार दिवसांनी फिनलंडात त्या जमवणारा तो स्वतः आला. ओन्नी! बाबांचंच नाव ऐकून आई दारातून धावली. बाबांना जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. बाबांना ज्या मिशनऱ्याच्या नावावरून नाव ठेवलं, त्याच नावाचा माणूस समुद्रापलीकडून आपल्या अंगणात उभा! म्हणजे बाबांचा म्बुशे, नावाचा वाटेकरी. आपल्याकडे म्बुशे घरात आला की तो पाहुणा नसतो, तो नावाचा धनीच असतो. आईने त्याला नवऱ्यासारखं झापलं होतं, आठवतं? "आलास का रे? तीस वर्षं संसार केला, एक घडा पाणी आणलं नाहीस! आणि आता केवढा गोरा होऊन आलास!" तो बिचारा लालबुंद होऊन हसत होता. आईने कोंबडा कापला. म्हाताऱ्या बाया त्याला "ताते", म्हणजे बाप, म्हणून गुडघे वाकवून भेटल्या. त्यालाही रडू आलं.

मग तो म्हणाला, सायकली बघू दे, फोटो काढू दे, तिकडे लोक वाट बघतायत.

तू म्हणालीस, "ह्याला खरं सांगूया."

मी म्हणाले, "बापाच्या तोंडावर? तुझी भेट कचरा आहे म्हणून?"

"तो आपला बाप नाही, आउने. तो सायकली जमवणारा माणूस आहे. त्याला सांगितलं नाही तर तो पुन्हा असंच जमवेल."

हे तू आईसमोर बोललीस. आई रडायला लागली आणि मी तुला म्हटलं, निघ दुकानातून. तू खरोखरच निघून जाशील असं मला वाटलं नव्हतं.

मुलांच्या सायकली मी तंबूच्या कापडाखाली झाकल्या. बाकीच्या वाटल्यात, फोटो मागून पाठवते, असं ओन्नीला सांगितलं. तो गेल्यावर निळी सायकल अंगणात उभी केली, बाया एकेक करून बसवल्या, दर वेळी मागची जागा बदलली. कधी ताडाखाली, कधी चर्चच्या भिंतीशी. मग ते पत्र लिहिलं. तुझ्या पाकिटात दुसरा एक कागद आहे, तो मी आधी वाचला नव्हता. मोहिमेने पुढे कुठे कुठे कंटेनर पाठवले त्याची यादी. चार ठिकाणं. वर लिहिलंय, "ओनाम्बुला दुकानाच्या शिफारशीवरून."

दोन वर्षांपूर्वी त्सुमेबला दुरुस्तीचं शिक्षण होतं, तिथे रुंडूचा हाइंगुरा भेटला. तो सांगत होता, आमच्याकडे एक कंटेनर आला, पोरांच्या सायकली आणि गंज, बाया महिनाभर माझ्या दाराशी शिव्या देत होत्या, शेवटी मी दुकान बंद केलं. "कुठल्या गाढवाने या लोकांना शाबासकी दिली कुणास ठाऊक," म्हणाला. सगळे हसले. मीही हसले, सेल्मा. ते गाढव मीच होते, हे मला आज कळलं.

मला तुझ्यावर संशय घ्यायचा काही अधिकार उरला नाही. पण एक विचारते. हे सगळं तुला ठाऊक असताना तू त्यांच्यात का गेलीस? माझे फोटो पुन्हा पुन्हा छापले जाताना बघायला? की आतून काही बदलता येईल म्हणून? छापील पत्रातून मला तुझं मन कळत नाही. आधी कळायचं.

आउने


ओनाम्बुला, १४ एप्रिल

सेल्मा,

सांगितलं.

आठवडाभर मी कारणं शोधत होते. एइनो म्हातारा आहे, त्याला धक्का बसेल. न्दिलिमेके चार गावांत दवंडी पिटेल. खरं कारण एवढंच की हे दुकान माझ्या नावावर चालतं, आणि नाव गेलं की उरेल ते जुनं पत्र्याचं खोकं.

एइनोने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मला वाटलंच होतं."

"मग बोलला का नाहीस?"

"तू कधी बोलतेस ते बघत होतो. आणखी एक महिना थांबलो असतो, मग बोललो असतो." त्याने टोपी काढून पुन्हा घातली. "माझा जोड आहे त्यात. मलाही तो लपवावासाच वाटला."

न्दिलिमेके मात्र माझ्यावर सडकून बोलली. ते सगळं लिहीत नाही, कारण ते खरं होतं.

मग मेमे राउहा आली. तिला आम्ही बोलावलं नव्हतं, पण इथे भिंतींना कान नसले तरी पत्र्याला आहेत. ती म्हणाली, "अकराजणी एका रांगेत उभ्या राहून एकाच सायकलवर बसलो, आम्हाला कळलं नव्हतं का? आम्ही ताते ओन्नीची अब्रू राखली. त्यात एवढं काय? आता कंटेनर येतोय तर येऊ दे. चौदा निघतील, नाहीतर दहा निघतील. मारा शिक्का. लागलं तर आम्ही पुन्हा बसू."

मी म्हटलं, "बाकीचा कचरा कुणाच्या दारात टाकू, मेमे?"

"मी चौदा किलोमीटर चालते," ती म्हणाली. "मला कचऱ्याचं सांगू नकोस. मला दहा सायकलींचं सांग."

  एइनो पायाने वाळू उकरत बसला. राउहा चूक बोलत नव्हती, हेच सगळ्यात जड गेलं.

शेवटी न्दिलिमेकेनेच तोड काढली. एवढी चिडलेली बाई, पण डोकं जागेवर. म्हणाली, "शिक्का मारू, पण खऱ्यावर मारू. त्या कागदावर 'मागच्या खेपेचा अनुभव' म्हणून रकाना आहे ना? त्यात काय घडलं ते लिही. त्यांची मोहीम खरी असेल तर हे छापतील, आणि सायकली नीट निवडून पाठवतील. खोटी असेल तर लपवतील. यांना पारखायला आणखी काय लागतं?"

म्हणून तसं लिहिलंय. तीनशेवीस आल्या, चौदा कामाच्या निघाल्या, अकरा फोटोंत सायकल एकच आहे, ते फोटो मी काढवले, मी खोटं लिहिलं. खाली, कशा सायकली हव्यात: रुंद टायर, मोठ्या माणसाची उंची, मागे पेडल मारून थांबणारी, गिअर नको. मुलांच्या सायकली पाठवू नका. शेवटची ओळ ताते ओन्नीसाठी: हे वाचून तुम्हाला वाईट वाटेल, तुमच्या नावाला मान द्यावा म्हणून मी तुमच्याशी खोटं बोलले, मला क्षमा करा. आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "माझ्या नवऱ्याला खरं सांगितलेलं कधी आवडायचं नाही, पण ऐकून घ्यायचा."

तिन्ही शिक्के मारलेत. हा कागद तू ऑफिसात देशील का, की टेबलाच्या खणात ठेवशील, हे मला माहीत नाही. पूर्वी मी तुला ओळखायचे. आता विचारून घ्यावं लागतंय.

आउने


ओनाम्बुला, २० मे

सेल्मा,

एप्रिल गेला, काही आलं नाही. मे निम्मा सरला आणि चार दिवसांपूर्वी पोस्टात लिफाफा मिळाला. पत्त्यावर तुझं अक्षर. मी तिथेच, टपालपेट्यांसमोर फोडला.

आत तोच कागद, पण कोरा. सोबत तुमच्या संचालकांची चिठ्ठी, फार गोड. "आपण भरलेले पान दुर्दैवाने खराब झाले. कृपया नव्याने भरून पाठवावे. अनुभवाचा रकाना दोन-तीन सकारात्मक वाक्यांत पुरेसा आहे. मुदत आपल्यासाठी वाढवली आहे."

मुदत माझ्यासाठी वाढवली! मी लिहिलेलं त्यांनी वाचलं, नीट वाचलं, आणि तरी त्यांना तेच पान हवंय. खराब झालं म्हणे. तीन महिने आम्ही डोकं फोडत होतो की ही मोहीम खरी की खोटी, आणि त्यांनी एका कोऱ्या कागदात सांगून टाकलं.

माझा राग त्या पाकिटावर, म्हणजे तुझ्यावर होता. हे तुझ्या हातून गेलं होतं. मी कागदाची घडी घालायला तो उलटा केला, आणि मागच्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिलेलं दिसलं, इतकं फिकट की ऊन नसतं तर दिसलं नसतं.

"भरू नकोस."

एवढंच. सही नाही. सहा वर्षांत तुझ्या हातचे मला मिळालेले दोनच शब्द. पोस्टातला माणूस विचारत होता, "मेमे, कुणी गेलं का?" मी म्हटलं, नाही रे, कुणीतरी भेटलं.

मी भरला नाही. एइनो आणि न्दिलिमेकेला दाखवला, त्यांनीही भरायचा नाही असंच ठरवलं. त्याच बैठकीत आमच्या पहिल्या पानाची न्दिलिमेकेने राखून ठेवलेली नक्कल काढून तिच्या चार प्रती केल्या, तुझ्या यादीतल्या चार गावांना एकेक. हाइंगुराच्या प्रतीवर मी वेगळं लिहिलंय की ते गाढव मी. तो काय बोलायचं ते बोलेल.

कंटेनर येणार नाही हे राउहाला सांगायला मीच गेले. ती दारात बसून पायाच्या भेगांना तेल लावत होती.  ऐकल्यावर नुसतं "बरं" म्हणाली आणि दुसऱ्या पायाला तेल लावायला लागली. मला वाटलं होतं, शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी माझी सायकल तिच्या दाराला टेकवून आले. दान नाही म्हटलं, कामाला म्हटलं. दुरुस्ती माझ्याकडे. ती म्हणाली, "आणि बाकीच्या तीसजणींना?"  काल एइनोने दुकानामागचं तंबूचं कापड उचललं. मुलांच्या सायकलींच्या नळ्या कापून मोठ्या सांगाड्याला जोडता येतील का बघतोय. होईल असं वाटत नाही. तरी तो दिवसभर बघत होता.

पोस्टात आता चालत जावं लागतं, येऊन-जाऊन अख्खा दिवस मोडतो. म्हणून पुढचं मला लिहू नकोस, सेल्मा. त्या ऑफिसात पेन्सिलीने बोलावं लागत असेल तर तिथे राहू नकोस. ये. दुकानात मी एकटी आहे, मला तुझी गरज आहे, आणि तेव्हा तू खरं बोलत होतीस. हे मला तुझ्या तोंडावर सांगायचंय.

आउने